बोनटाचं माहेर

आमच्याकडं सुनंला नावानं कोनी हाक मारत नाय. जी ज्या गावची, त्या गावाच्या नावानं. थोरली जाऊ वणीवाली, धाकटी निफाडवाली, आन मी नामपूरवाली. मालक, म्हंजे माझा नवरा, ते तर "वाली" बी लावत नसत. नुसतं "ए नामपूर, चहा टाक." सासूबाई म्हनायच्या, "आरं, बायको हाय का एष्टीचा थांबा?" मालक हसायचे. पन नाव तेच राह्यलं. माझं खरं नाव घरात कोनाच्या तोंडात बसलंच नाय.

आता सासूबाई नाय, जावा नाय, मालक बी नाय. पोरगा बोटीवर सैपाकी हाय, तो आई म्हनतो, ते बी फोनात. दिंडोरीच्या बाहेर रस्त्याला लागून आमचं घर हाय. आजूबाजूला समदे द्राक्षाचे बाग. बागातली मानसं जाता-येता आजी म्हनत्यात. नामपूर म्हननारं कोनी उरलं नाय.

अंगनात जीप व्हती तवर तसं वाटायचं नाय. का, ते सांगते.

मालक जीपंवर पाशिंजर मारायचे. दिंडोरी ते वणी, यात्रेच्या टायमाला गडाच्या पायथ्यापर्यंत. ही जीप कंपनीतून आलेली नव्हती. देवळालीला मिलटरीची छावनी हाय, तिथं जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा. तिथून मालकांनी पुढचं धड आनलं. म्हंजे चेसी, काचंची चौकट, ष्टेरिंग आन बोनट. मिलटरीच्या जीपंत बसनार किती मानसं? तेवढ्यावर काय भागतंय. म्हनून मागून लोखंड जोडून ती लांबवली. लांबवलेल्या भागावर पेठच्या सुतारानं सागाचा सांगाडा केला, वरून पत्रा मारला. इंजिन मालेगावच्या भंगार बाजारातलं, येका टेंपोचं. मागचा आस सटाण्याचा. समोरासमोरची दोन बाकडी वणीच्या यात्रेत तंबूतला शिनेमा यायचा, तो बंद पडला तव्हा त्याची घेतली. भोंगा चांदवडच्या येका ट्रकवाल्यानं दिला. त्यो वाजला की म्हशी दावं तोडायच्या.

जसं आमचं नाव, तसंच मालकांनी गाडीच्या भागांना ठेवलं. जे ज्या गावचं, ते त्या गावाचं नाव. इंजिन गरम झालं की म्हनायचे, "मालेगाव तापलंय, पानी आन." आस कुरकुरला की, "सटाना आज रुसलाय." पाशिंजर इचारायचे, "आवो, गाडी चालवताय का तालुक्याचा दौरा काढलाय?" मालक म्हनायचे, "आमच्या घरात समद्याजनी लग्न होऊन आल्यात, मूळची येक बी नाय."

खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिशी, अवजारांची पूजा असते. त्या दिशी मी गाडी धुवायची. मालक आंघोळ करून यायचे आन येकेका भागाला नाव घेऊन हळदकुकू लावायचे. मालेगावला लावलं, सटाण्याला लावलं, पेठला लावलं, चांदवडला लावलं. बोनटाशी आले की ताट माझ्या हातात द्यायचे. "देवळालीला तू लाव." दर वर्सी. मला वाटायचं, बोनट म्हंजे गाडीचं तोंड, तो मान घरच्या बाईला देत असतील. मी बोटभर कुकू लावायची. मालक तव्हा दुसरीकडं बघायचे. टायर बघायचे, नाय तर आभाळ.

मालकांना छातीचा आजार झाला आन ते गेले. त्याच्या लय आधी गाडीचे कागद संपले व्हते, ती चिंचंखाली उभी व्हती. ते गेल्यावर पूजा मीच करायला लागले. नावं घेऊनच. घरात दुसरं बोलायला कोन? सकाळी झाडू मारताना म्हनायची, "काय मालेगाव, थंडी वाजती का?" मला बरं वाटायचं. येड लागलं म्हना.

मागल्या पावसाळ्यात पोराचा फोन आला. त्यानं येक फोटू धाडला. लांबलचक गाडी, वर लाल-निळी फुलं रंगवलेली, बोनटावर चकचकीत घोडे, मागं दोन बाकडी समोरासमोर.

"आई, ओळख बरं."

"आपल्यासारखी हाय. कुठली ही?"

"फिलिपाइन्स. बोट लागलीय इथं. इथं रस्त्यानं सगळ्या अशाच. मिलटरीच्या जीपा लांबवून केलेल्या. एकेका गाडीला दहा ठिकाणचे भाग."

"मंग त्यांची माहेरं कोनती?"

पोरगा हसला. "तुझं आपलं काहीतरीच." मंग म्हनला, "आई, आपल्या गाडीचं काढायला पायजे आता. चिंचंखाली मला येक खोली बांधायचीय. नाशिकचा येक मानूस हाय, मिलटरीच्या जुन्या जीपा गोळा करतो. येऊन बघंल तो."

मी बरं म्हनलं. खोली बांधायची म्हंजे कधीतरी राहायला येनार. नको कसं म्हनू?

तो मानूस आला. पन्नाशीचा, पांढरी दाढी, गुडघ्यावर तेलाचे डाग. बरा व्हता बोलायला. चपला भाईर काढून अंगनात आला, जसं काय देवळात आला. गाडीभवती दोनदा फिरला, खाली झोपून बघितलं.

"आजी, पुढचं सगळं मिलिटरीचं आहे का?"

मी समदं सांगितलं. कोन कुठली, कवा आली. मागचं मिलटरीचं नाय, पेठचं हाय, ते बी सांगितलं. लबाडी करून ती गाडी पाठवली असती तर पेठचं नाव पुसल्यासारखं झालं असतं.

तो म्हनला, "खरं सांगू का, अशी लांबवलेली गाडी मी कुठं पाह्यली नाही. पुढचं सगळं मूळचं असेल तर मी ही तोडणार नाही. आहे तशी शेडमध्ये उभी करीन, मागच्या बाकांसकट. फक्त बोनट मूळचं पायजे. ते नसेल तर मग कामाचं तेवढंच काढून नेईन."

माझ्या जिवाला येवढंच लागलं व्हतं. जायचीच हाय तर येकत्र जाऊ दे. देवळाली येकीकडं, मालेगाव भंगारात, असं नको. मी म्हनलं, "बोनट देवळालीचंच हाय. मी दर वर्सी कुकू लावते ना त्याला."

त्यानं खिशातून चाकू काढला. आधी काचंच्या चौकटीचा रंग कोपऱ्यात खरवडला. वरती काळा, त्याच्याखाली पिवळा, त्याच्याखाली निळा. आन सगळ्यात खाली शेवाळासारखा हिरवा. "हा बघा मिलिटरीचा." मंग बोनटाच्या आतल्या कडंला खरवडलं. काळा, पिवळा, निळा. आन खाली पांढरा.

त्यानं दुसऱ्या जागी खरवडलं. तिसऱ्या. पांढराच.

"आजी, हे मिलिटरीचं नाही."

"आसं कसं? मालक कधी खोटं बोलले नाय."

"खोटं नसेल. कधीतरी बदललं असेल." तो माझ्याकडं बघंना. चाकू पुसत बसला.

चार दिसांनी तो दोन मानसं आन येक क्रेन घेऊन आला. मी वसरीत बसून बघितलं. मागचा पेठचा डबा नट खोलून अलग केला आन चिंचंपासून दूर, कुंपनाशी ठेवला. इंजिन भंगारवाल्यानं नेलं, आस त्यानंच नेला. मालेगाव गेलं तव्हा मला वाटलं काय तरी बोलावं. पन समोर मानसं व्हती. देवळाली क्रेनला लटकली. बोनट त्यानं भितीला टेकून ठेवलं. "हे राहू दे आजी, तुमच्या कामी येईल." भोंगा बी ठेवून गेला.

ते गेल्यावर अंगन येवढं मोकळं दिसलं की कोंबड्या बी मधून चालंनात. कडंकडंनी फिरायला लागल्या.

मला झोप लागंना. गाडी गेली त्याचं नाय. मालकांनी मला आयुष्यभर देवळाली म्हनायला लावलं आन ती देवळाली नव्हती. मंग कोन व्हती? मी कोनाला कुकू लावत व्हते? येवढं लपवायसारखं काय व्हतं त्यात? मालकांचं बाकी समदं मला ठाऊक व्हतं. कुठं दुखतं, कोनती भाजी चालत नाय, खोकला कवा येनार. आन हे येक ठाऊक नव्हतं. आन आता सांगनारं कोन?

येक मानूस व्हता. देवळ्याचा फिटर. देवळाली नव्हं, सटाण्याच्या अलीकडचं देवळा. गाडीचं काय बी मोडलं तर मालक त्याच्याकडंच न्यायचे. म्हातारा झालाय, पन हाय, असं निफाडवालीच्या पोरानं मागं सांगितलं व्हतं.

सकाळची एष्टी धरली. दिंडोरीवरून वणी, वणीवरून कळवन, तिथं गाडी बदलून देवळा. ह्याच रस्त्यानं पुढं सटाना, आन मंग माझं नामपूर. आईबाप व्हते तवर जात व्हते. मंग भाऊ गेला, तिकडं जायचं कारन राह्यलं नाय. एष्टीत शेजारच्या पोरीनं इचारलं, "आजी, माहेरी चालल्या का?" मी म्हनलं, "नाय, गॅरेजला." ती कानात वायरी घालून बसली.

फिटर खाटंवर उन्हात बसला व्हता. गॅरेज आता पोरगा बघतो. डोळ्यांना कमी दिसतं. मी समोर जाऊन उभी राह्यले.

"कोन शे व?" तिकडं अशी अहिरानी बोलत्यात, माझ्या माहेराला बी तीच.

मी बी तसंच बोलले. लय दिसांनी तोंडातून निघालं. "भाऊ, मी दिंडोरीना जीपवालानी बायको."

म्हातारा हसला. दात नव्हते. "नामपूर का?"

खाटंच्या पायाशी बसले. त्या नावानं हाक ऐकून किती वर्सं झाली, मोजली नाय.

"तुला बी ठाऊक हाय का ते नाव?"

"तो दुसरं काय बोलायचा? नामपूरनं असं सांगितलं, नामपूरला हे आवडत नाय. माझे कान किटले व्हते." सुनंला हाक मारून त्यानं चहा सांगितला.

चहा आला. मंग मी बोनटाचं इचारलं. त्यानं आधी बशीत चहा ओतला, फुकला, प्यायला. मंग म्हनला, "आता तो बी नाय राह्यला. सांगतो."

त्यानं काढली ती गोष्ट माझ्या पहिल्या खेपेची. मला सातवा सरून आठवा लागला व्हता, बाळंतपनाला माहेरी जायचं ठरलं व्हतं, आन त्याच्या आधीच पोटात दुखायला लागलं. मालकांनी मला गाडीच्या मागच्या बाकड्यावर झोपवलं आन नाशिकच्या सरकारी दवाखान्याकडं निघाले. सासूबाई माझं डोकं धरून बसल्या व्हत्या. मला त्या वाटंचं थोडंच आठवतं. वरचा पत्रा हालत व्हता. मंग येकदम लय जोरात आदळलं, मी बाकड्यावरून खाली पडता पडता राह्यले. मालक पुढून ओरडले, "काय नाय, नामपूर! खड्डा व्हता!" तेवढंच. मंग दवाखाना. पोरगी झाली. रडली नाय. मला तिचं तोंड बी नीट बघू दिलं नाय. पुढं दवाखान्यातूनच भाऊ मला एष्टीनं माहेरी घेऊन गेला, तिथं मी महिनाभर पडून व्हते.

मला इतकी वर्सं तो खड्डाच आठवत व्हता. दिंडोरी रस्त्यानं जाताना मी बघायची बी, कुठला आसंल. ते मी फिटरला सांगितलं.

फिटर म्हनला, "खड्डा नव्हता. वडाला धडकली गाडी. त्याचं ध्यान रस्त्यावर नव्हतं, मागं वळून तुला बघत व्हता. बोनट चुरगाळलं, येक दिवा गेला. तशीच हाकत नेली दवाखान्यात."

मी चहाची बशी खाली ठेवली.

"मंग तुला माहेराहून आनायला निघाला तव्हा आधी माझ्याकडं आला. हितं बसला, ह्याच उंबऱ्यावर. म्हनला, हे बोनट तिला दिसता कामा नये. मी म्हनलं, अरे, डाक्टर काय बोलले? तर म्हनला, डाक्टर सांगतो की पोरगी पोटातच गेली व्हती, धडक बसायच्या आधीच. मी म्हनलं, मंग झालं तर. तो म्हनला, डाक्टर मला बरं वाटावं म्हनून सांगत आसंल." फिटरनं डोळे पुसले, पानी येतं त्याच्या डोळ्यातून, उन्हानं. "मला बोलला, तिले सांगू नको. मी नाय सांगितलं."

"मंग दुसरं बोनट कुठून आनलं?"

"माझ्याकडं येक पडलं व्हतं. नामपूरना कांदाना व्यापारी, त्यानी जीप मोडनी व्हती, तिचं. पांढरं. तुझ्या नवऱ्यानं त्याच्यावर गाडीसारखाच निळा रंग मारला आन तसाच पुढं गेला तुला आनायला." मंग म्हातारा जरा हसला. "मी त्याला म्हनलं व्हतं, घे, हे बी तुझ्या बायकोच्या गावचं. तो नुसता हात फिरवत बसला त्याच्यावर."

ती पांढरी जीप मला ठाऊक व्हती. नामपूरच्या बाजारात कांद्याच्या ढिगांमधून यायची. आम्ही पोरी मागं पळायचो, धुरळा खायचो. व्यापारी हात भाईर काढून हाकलायचा, "व्हा ना बाजूला, सासरी जायचं सोडून गाडीखाली येता का!" मी येकदा पळत जाऊन त्या बोनटाला हात लावला व्हता. तापलेलं व्हतं, हात भाजला.

फिटर म्हनला, "जेवून जा. भाकर टाकंल सून."

मी म्हनलं, "नको. एष्टी चुकंल."

उठताना त्यानं पुन्हा हाक मारली. "नामपूर." मी थांबले. "त्याला शिव्या देऊ नको."

"कशाला देऊ?" मी म्हनलं.

परत येताना खिडकीशी बसले. मला राग आला का, तर आला. माझी पोरगी व्हती. मला बी ठाऊक असायला पायजे व्हतं. दोघं मिळून रडलो असतो येकदा, आन मोकळे झालो असतो. त्यांनी येकट्यानं ते वागवलं, दर खंडेनवमीला ताट माझ्या हातात देऊन आभाळाकडं बघितलं, आन मी म्हनायची, काय मान देतात मला. किती वर्सं आम्ही येका घरात राह्यलो, आन ह्या येका जागी ते येकटे व्हते आन मी येकटी व्हते.

दिंडोरी जवळ आल्यावर येक वड दिसला रस्त्याच्या कडंला. गाडी धडकली तो नाशिकच्या वाटंवरचा, हा वणीच्या, तरी मी बघत राह्यले. कंडाक्टर म्हनला, "आजी, उतरायचंय का हितं?" मी नाय म्हनलं.

रातच्याला पोराचा फोन आला. मी देवळ्याला जानार, हे त्याला आधी सांगितलं व्हतं. बोट कुठंतरी दुसरीकडं लागली व्हती.

"आई, फिटरबाबा भेटले का? बोनट कुठलं निघालं?"

"नामपूरचं."

"तुझ्या गावचं? मग बाबा देवळालीचं का म्हणायचे?"

त्याच्या आधी येक बहीन व्हती, हे पोराला ठाऊक हाय. बाकी काय नाय.

"तोंडात बसलं आसंल," मी म्हनलं. "तू जेवला का?"

ह्या खंडेनवमीला अंगनात दोनच वस्तू व्हत्या, कुंपनाशी पेठचा डबा आन भितीला बोनट. भोंगा मी खिळ्याला टांगलाय. आता द्राक्षाच्या छाटनीचे दिस हायत. सुरगान्याकडून आलेल्या बाया सकाळी टेंपोची वाट बघत डब्यातल्या बाकड्यावर बसत्यात, त्यांच्या भाषेत बोलत्यात, टेंपो आला की जात्यात. त्या गेल्यावर मी आंघोळ केली, ताट घेतलं. पेठला लावलं. चांदवडला लावलं. मालेगावची, सटाण्याची आन देवळालीची जागा रिकामी, तिथं जमिनीवर दोन-दोन अक्षता टाकल्या.

मंग बोनटाशी गेले. पुढं ताट द्यायला कोनी नव्हतं, माझ्याच हातात व्हतं. जिथं त्या मानसानं खरवडलं व्हतं तिथं पांढरा रंग दिसत व्हता, नखायेवढा. तिथंच कुकू लावलं.

"नामपूर," मी म्हनलं. जरा मोठ्यानं म्हनलं.

अंगनात कोनी नव्हतं. "ओ," मीच म्हनलं, आन ताट आत ठेवायला गेले.